चीनच्या बाजारासाठी: अफूची पेटी आणि आठाचा आकडा

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीह संपवून मशिदीबाहेर चपला शोधत होतो, तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी समोर आला. दहावीला मी त्याला मराठी शिकवलं होतं. आता तो जुन्या नाशकात वडिलांची बेकरी सांभाळतो. सलाम-दुआ झाली, घरच्यांची चौकशी झाली. मग त्यानं मोबाइल काढून एक यादी दाखवली. यादीत नुसते आकडे होते. आठ, सहा, नऊ, पुन्हा आठ. काही ठिकाणी चार-चार इंग्रजी अक्षरं, एकाचाही उच्चार होऊ नये अशी.

“सर, ये सब नाम हैं. डोमेन. चायनावाले लेते हैं.”

बहिणीच्या लग्नासाठी घरात दीड लाख रुपये ठेवलेले होते. लग्नाला अजून वर्ष होतं. तेवढ्या काळात ते पैसे ‘फिरवून’ घ्यावेत, असा त्याचा विचार. शेवटी त्यानं खरा प्रश्न विचारला. “हलाल है ना, सर?”

मी मुफ्ती नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. उत्तर एखाद्या आलिमला विचार, एवढं सांगून सुटता आलं असतं. पण त्या रात्री झोप लागली नाही. कारण हाच व्यवहार मी २०१६च्या जानेवारीत केला होता आणि घरात आजवर कुणाला सांगितलेला नाही. एका सहकाऱ्याच्या नादानं सहा-सहा आकड्यांची दोन नावं घेतली. एकातही चार नव्हता आणि दोन्हींच्या शेवटी आठ होता. बेचाळीस हजार रुपये गेले. वर्षभर गिऱ्हाइकाची वाट पाहिली, दुसऱ्या वर्षी भाडं भरलं, तिसऱ्या वर्षी सोडून दिलं.

पैसे गेल्याचं दुःख ओसरलं, पण एक कोडं राहिलं. चीनचा मी माणूस पाहिलेला नाही, भाषा येत नाही, बाजार ठाऊक नाही. तरी नाशिकमध्ये बसून चीनच्या बाजारासाठी माल घ्यावा असं मला का वाटलं? शोधायला लागलो तेव्हा कळलं की या वाटेनं जाणारा मी पहिला नाही. आपल्या मुंबईनं हे काम दोनशे वर्षांपूर्वी केलं आहे, आणि त्यात आपलेही लोक होते.

नावाचा बाजार

आधी हे डोमेन प्रकरण थोडक्यात सांगतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक दुकानाला एक पत्ता लागतो. तो पत्ता म्हणजे डोमेन नाव. ते कायमचं विकत मिळत नाही. एक ते दहा वर्षांसाठी नोंदवता येतं, मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात. न भरल्यास नाव सुटतं आणि दुसरा कुणीही ते घेऊ शकतो. म्हणजे मालकी म्हणावी तर मालकी नाही, पागडीच्या घरासारखा मामला आहे.

चिनी माणसाला आकड्यांची नावं का आवडतात, यालाही कारण आहे. इंग्रजी अक्षरं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली नसतात, पण आकडे सगळ्यांना येतात. तिथली मोठी कंपनी नेटईझ ‘१६३ डॉट कॉम’ या नावानं ओळखली जाते. टेलिफोनवरून इंटरनेट जोडण्यासाठी पूर्वी १६३ फिरवावा लागे, त्यावरून ते नाव आलं. रेल्वेची तिकिटं ‘१२३०६’ वर मिळतात, तोच रेल्वेच्या चौकशीचा फोन नंबर आहे. शिवाय आठाचा उच्चार भरभराटीच्या शब्दाजवळ जातो म्हणून आठ शुभ. चाराचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा, म्हणून चार नको. अक्षरांत स्वर आणि ‘व्ही’ नसलेली नावं पसंत, कारण चिनी शब्दांची रोमन आद्याक्षरं सहसा व्यंजनंच असतात.

या आवडीला मोठ्या सौद्यांनी हवा दिली. शाओमीनं २०१४मध्ये ‘एमआय डॉट कॉम’ घेतलं, त्याची किंमत ३६ लाख डॉलर सांगितली गेली. २०१५मध्ये ‘३६० डॉट कॉम’चा सौदा १ कोटी ७० लाख डॉलरला झाल्याची बातमी आली. त्याच उन्हाळ्यात शांघायचा शेअर बाजार कोसळला. शेअरमधून निघालेला पैसा नवी जागा शोधत होता, त्यातला काही छोट्या नावांत शिरला. चार अक्षरी नावांचे भाव काही महिन्यांत कैक पटींनी चढले. ही नावं वापरणार कोण, हे कुणी विचारत नव्हतं. प्रत्येक जण पुढच्या घेणाऱ्यासाठी घेत होता. जगभरचे लोक त्यात उतरले, आणि सगळ्यात शेवटी माझ्यासारखे. २०१६मध्ये भाव उतरले.

आग्रा रोडवरचा माल

आता दोनशे वर्षं मागे जाऊ. नाशिकच्या द्वारका चौकातून जाणाऱ्या रस्त्याला आपण आजही आग्रा रोड म्हणतो. या वाटेनं धान्य, कापूस, कापड सगळं गेलं. आणि माळव्याची अफूही गेली.

चीनमध्ये अफूला मागणी होती आणि तिथल्या बादशहाची बंदीही होती. ब्रिटिशांना चिनी चहा हवा होता, पण त्याबदल्यात देण्यासारखं चीनला हवं असं फारसं काही त्यांच्याकडे नव्हतं. मुंबईचा कापूस जात असे, तो पुरत नव्हता. उरलेली तूट अफूनं भरून निघाली. बिहार आणि बनारसकडच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. कंपनी ती कलकत्त्यात लिलावानं विके आणि चीनपर्यंत नेण्याचं काम खासगी व्यापाऱ्यांवर सोडून देई. म्हणजे पैसा आपला, बदनामी दुसऱ्याची.

माळवा मात्र शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात होता. तिथली अफू कंपनीच्या हाती येईना. कंपनीनं अडवणूक केली तशी ती राजस्थानातून कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागली. अखेर १८३०मध्ये कंपनीनं हार मानली आणि पेटीमागे १७५ रुपये घेऊन मुंबईला माल नेण्याचे पास सुरू केले. मग खानदेश, नाशिक, थळ घाट हा मुंबईकडे उतरणारा सरळ रस्ता खुला झाला. आपल्या दारावरून चीनच्या बाजाराचा माल जाऊ लागला.

शेतकऱ्याला यात किती मिळालं असेल, याचा अंदाज शेतकऱ्यांच्या या जिल्ह्यात मी सांगायला नको. नफा बंदरावर होता.

जमशेटजींचे भागीदार

मुंबईच्या चीन व्यापाराचं सर्वांत मोठं नाव सर जमशेटजी जीजीभाई. जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही नावं आपण रोज घेतो. पण त्यांच्या पेढीत आणखी कोण होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. एक होते मोतीचंद अमीचंद, म्हणजे जैन समाजातले मोतीशा शेठ. दुसरे होते मोहम्मद अली रोगे, कोकणी मुसलमान. पुढे रोजेरिओ द फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती व्यापारीही त्यांना येऊन मिळाले. पारशी, जैन, मुसलमान, ख्रिस्ती एका पेढीत बसून चीनशी व्यापार करत होते. तिकडे कँटनमध्ये त्यांचा माल जार्डिन मॅथेसन या इंग्रजी पेढीमार्फत विकला जाई.

नाशिकच्या कोकणीपुऱ्यात वाढलेल्या पोराला रोगे शेठचं नाव ऐकून छाती फुगवावीशी वाटेल. मलाही वाटलं. शाळेत आपल्याला सांगितलं जातं की मुसलमान म्हणजे एक तर नवाब, नाही तर हातावर पोट असलेला. इथे तर समुद्रावर जहाजं चालवणारा, कँटनशी पत्रव्यवहार ठेवणारा कोकणी नाखुदा उभा आहे. मुंबईच्या जामा मशिदीवर १८३७मध्ये वरचा मजला चढवला तो याच मोहम्मद अली रोगेंनी. पुढे १८७४मध्ये बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी अंजुमन-ए-इस्लामची मुहूर्तमेढ रोवली, त्या कामातही रोगे घराण्याची पुढची पिढी होती. लाखो मुलं त्या संस्थेत शिकली.

पण छाती फुगवून झाल्यावर इतिहासाच्या मास्तरासारखा दुसरा प्रश्नही विचारावा लागतो. कोणत्या पेटीतला रुपया मशिदीला लागला आणि कोणत्या पेटीतला लागला नाही, हे विटेवर लिहिलेलं नसतं. रोगे शेठ कापूसही विकत होते, जहाजांचं भाडंही घेत होते. त्यांचा सारा पैसा अफूचा होता असं म्हणणं अन्याय होईल. त्यात अफूचा पैसा नव्हताच असं म्हणणं खोटं होईल. जे जमशेटजींना लागू, तेच मोतीशांना, तेच रोगेंना. आपल्या माणसाचा पाढा वाचताना वजाबाकी गाळायची नसते.

त्या काळी कुणालाच यात गैर वाटत नव्हतं, ही पळवाटही टिकत नाही. दादाभाई नौरोजी १८५५मध्ये कामा कंपनीत भागीदार म्हणून लंडनला गेले. पेढी अफू आणि दारूच्या व्यापारातून नफा कमावते म्हणून त्यांनी ती सोडली. एकाच शहरातले, एकाच शतकातले लोक. ज्यांना दिसायचं त्यांना दिसत होतं.

माल न पाहता लावलेली पैज

माझ्या बेचाळीस हजारांचं कोडं मात्र सुटलं ते पुढच्या गोष्टीत.

मुंबईत असे पुष्कळ लोक होते, ज्यांच्याकडे ना जहाज होतं, ना गोदाम, ना अफूची एक पेटी. पण चीनचा पैसा त्यांनाही हवा होता. त्यांनी सोपा मार्ग काढला. कलकत्त्याच्या पुढच्या सरकारी लिलावात पाटणा अफूला सरासरी काय भाव येईल, यावर ते मुंबईत बसून पैज लावत. भाव ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर एकानं दुसऱ्याला फरक द्यायचा, खाली आला तर दुसऱ्यानं पहिल्याला. तारायंत्र तेव्हा आलेलं नव्हतं. टपाल कलकत्त्याहून यायला दिवस लागत. तोपर्यंत मुंबईत आशा विकली जात होती.

यातलाच एक व्यवहार कोर्टात गेला. रामलाल ठाकूरसीदास विरुद्ध सुजुमल धोंडमल, असा तो खटला. हरलेल्यानं पैसे द्यायला नकार दिला होता. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचलं आणि १८४८मध्ये निकाल लागला. इंग्लंडमध्ये पैजांचे व्यवहार रद्द ठरवणारा कायदा १८४५मध्येच झाला होता, पण तो हिंदुस्थानला लागू नव्हता. त्यामुळे ही पैज इथे कायदेशीर ठरली. मग त्याच वर्षी सरकारनं १८४८चा २१वा कायदा करून पैजेच्या पैशासाठी दावा लावण्याची वाट बंद केली. आज भारतीय करार कायदा, १८७२च्या ३०व्या कलमात तेच तत्त्व आहे. पैजेचा करार रद्दबातल.

हे वाचलं तेव्हा मी वही मिटून बसून राहिलो. त्या पैजा लावणाऱ्याला अफू ओढणाऱ्याशी देणंघेणं नव्हतं, पिकवणाऱ्याशी नव्हतं, वाहणाऱ्याशीही नव्हतं. त्याचा संबंध फक्त एका आकड्याशी होता. आणि माझा संबंध? मीही आकडाच विकत घेतला होता.

बाजार बंद होतो तो दिवस

दुसऱ्याच्या देशातल्या बाजारावर सगळं लावण्याचा धोका १८३९मध्ये उघडा पडला. बादशहाचा अधिकारी लिन झेशू कँटनला आला आणि त्यानं परदेशी व्यापाऱ्यांकडून २० हजारांहून जास्त पेट्या अफू ताब्यात घेतली. जूनमध्ये हुमेन इथे ती चुन्यात आणि मिठाच्या पाण्यात कालवून समुद्रात सोडली. मुंबईतल्या कित्येक पेढ्यांचा माल त्यात होता. व्यापाऱ्यांनी भरपाईसाठी सरकारकडे तगादा लावला. इंग्रजांनी युद्ध केलं. १८४२च्या नानजिंग तहात चीनकडून हाँगकाँग घेतलं, २ कोटी १० लाख डॉलर घेतले. त्यातले ६० लाख डॉलर अफूच्या बदल्यात.

म्हणजे बाजार बंद पडला तेव्हा व्यापाऱ्यांच्या मागे एक आरमार उभं होतं. आपल्या मागे काय आहे? चीननं २०१७मध्ये डोमेन नावांचे नियम कडक केले. नोंदणी करणाऱ्याची खरी ओळख पटवणं, परवानगी असलेल्या यंत्रणेतूनच व्यवहार करणं, असे ते नियम. ते करण्याचा त्यांना हक्क आहे. जुन्या नाशकातल्या बेकरीवाल्याला कुणी विचारायला येणार नाही.

मग उत्तर काय?

पुढच्या जुम्याला नमाजनंतर त्याला घरी बोलावलं. चहा झाला. मी आधी माझी बेचाळीस हजारांची गोष्ट सांगितली. आतल्या खोलीत बायको होती, तिनंही ऐकली असणार. मग अफूची सांगितली.

तो म्हणाला, “सर, डोमेन से कोई मरता नहीं.”

बरोबर आहे. डोमेन म्हणजे अफू नव्हे. अफूनं घरं उद्ध्वस्त केली, नावानं तसं होत नाही. आणि नाव घेणं-विकणं मुळातच वाईट आहे असंही नाही. एखाद्यानं आधी ओळखून चांगली जागा घेतली, पुढे ती दुकानदाराला विकली, यात गैर काय? दुसऱ्याच्या नावाशी मिळतंजुळतं नाव दाबून बसणं मात्र वेगळं. १९९९मध्ये मुंबई हायकोर्टानं ‘रेडिफ’सारखंच दिसणारं ‘रॅडिफ’ हे नाव वापरायला मनाई केली, आणि डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून त्यात धंद्याची पत असते असं मानलं. २००४मध्ये ‘सिफी’ नावाच्या वादात सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं. ती दुसऱ्याच्या पतीची चोरीच. तुझ्या यादीत तसं काही नाही, एवढं बरं.

मी त्याला तीन प्रश्न लिहून दिले. पहिला, हे नाव वापरणारा माणूस तुला माहीत आहे का, की फक्त पुढचा घेणारा माहीत आहे? दुसरा, हा माल पडून राहिला तर त्याचा तुला काही उपयोग आहे का? गहू विकला गेला नाही तर पाव करता येतो. आठ-आठ-सहा-नऊचं काय करणार? तिसरा, हे पैसे तुझे आहेत का? बहिणीच्या लग्नाचे पैसे ही अमानत आहे. त्याबद्दल तिला विचारलंस का?

आपल्याकडे ‘गरर’ आणि ‘मैसिर’ हे दोन शब्द आहेत. काय मिळणार याचाच पत्ता नसलेला सौदा तो गरर, नशिबावर लावलेला पैसा तो मैसिर. तुझा सौदा यात कुठे बसतो ते आलिम सांगतील. पण त्यांना विचारताना “डोमेनचा बिझनेस” एवढंच सांगू नकोस, हे तीन प्रश्नही पुढे ठेव. अर्धा सवाल विचारून पूर्ण फतवा घेण्याची सवय आपल्याला फार आहे.

पहिल्या दोन प्रश्नांवर त्यानं वाद घातला. तिसऱ्यावर गप्प झाला.

जाताना मी त्याला विचारलं, बेकरीच्या नावाचं डोमेन घेतलंस का? नाही म्हणाला. चीनसाठी अकरा नावं घेतली होती, अब्बांच्या तीस वर्षांच्या बेकरीसाठी एकही नाही. २७ ऑगस्ट २०१४पासून देवनागरीतही नाव घेता येतं, शेवटी ‘डॉट भारत’ लागतं आणि मराठी त्यात आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मराठीचा मास्तर असून मलाही ते उशिराच कळलं.

दीड लाखांतून त्यानं काही घेतलं नाही. आधीच घेतलेल्या अकरा नावांचं काय करायचं, ते त्याचं अजून ठरलेलं नाही. मुदत डिसेंबरपर्यंत आहे. मी सोड म्हटलं नाही आणि ठेवही म्हटलं नाही. त्याचे स्वतःचे पैसे आहेत, शिकण्याचा हक्क त्याला आहे. मी बेचाळीस हजार देऊन शिकलो.

बायकोनं अजून मला त्याबद्दल काही विचारलेलं नाही. ईदनंतर विचारेल बहुतेक.